पश्चात्तापाचा अर्ज

मध्यवर्ती कारागृह
१२ जून २०२४

आदरणीय मार्गारेट बाई,

मी दत्तप्रसाद. १९९८ च्या दहावीतला, खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावरचा. फळ्यावर रोजचा सुविचार तुम्ही माझ्याकडून लिहून घ्यायचात. माझी बातमी तुम्हाला ठाऊक असणारच, मालवणात ती कोणाला ठाऊक नाही? तरी पत्र शेवटपर्यंत वाचा, एवढीच विनंती.

२०२१ च्या ऑक्टोबरात मी ज्या ट्रॉलरवर खलाशांचा तांडेल होतो, त्या ट्रॉलरने काशीबाईंच्या नवऱ्याची, भाईंची लहान होडी उडवली. भाई गेले. मी दारू पिऊन सुकाणावर होतो असं कोर्टात ठरलं आणि मला सहा वर्षांची शिक्षा झाली. दीड वर्ष झालं. इथे सुतारकामाला असतो. अपील वरच्या कोर्टात पडून आहे, कधी निघेल कोणी सांगू शकत नाही.

इथले कल्याण अधिकारी चांगले आहेत. शिक्षेत सूट मिळावी म्हणून त्यांनी मला अर्जाचा नमुना दिला आणि खालचं वाक्य स्वतःच्या हाताने लिहून सही कर म्हणाले. वाक्य असं आहे: "दारूच्या नशेत माझ्या हातून घडलेल्या गुन्ह्याचा मला मनापासून पश्चाताप झाला आहे." सही केली तर होळीपर्यंत घरी जाशील असं ते म्हणतात.

बाई, भाईंचा चेहरा रोज सकाळी डोळ्यांसमोर येतो. आमच्या बोलण्यात आम्ही एवढंच म्हणतो, "माका वायट दिसता." तसं वाईट मला रोज वाटतं. पण या छापील शब्दाचा अर्थ तोच आहे का? अर्थ कळल्याशिवाय शब्द वापरायचा नाही असं तुम्ही सांगायचात. म्हणून तुम्हाला विचारतो. दुसरं कोणाला विचारणार?

इथली पत्रं उघडून वाचली जातात, ते लक्षात असू द्या.

तुमचा विद्यार्थी,
दत्तप्रसाद


मालवण
२४ जून २०२४

दत्तप्रसाद,

पत्र मिळाले. तुझ्या खटल्याची बातमी मी वर्तमानपत्रात वाचली होती. त्याविषयी मी काही लिहीत नाही. शब्दाविषयी लिहिते.

पहिली गोष्ट, तुझ्या नमुन्यात तो चुकीचा छापला आहे. 'पश्चात्' म्हणजे नंतर आणि 'ताप' म्हणजे पोळणे. दोन्ही मिळून 'पश्चात्ताप'. एक अर्धा त आणि एक पूर्ण. लोक अर्धा गाळतात. तू गाळू नकोस.

आता अर्थ. खंत असते ती जे करायचे राहून गेले त्याची. हळहळ परक्याच्या दुःखानेही वाटते. रस्त्यात अपघात पाहिला तरी आपण हळहळतो. दिलगिरी ही बोलून दाखवायची असते, कचेरीच्या पत्रातही ती चालते, आत काही नसले तरी. पश्चात्ताप मात्र स्वतःच्या कृत्याचाच होतो. 'शेजाऱ्याने केलेल्या चोरीचा मला पश्चात्ताप झाला' असे वाक्य तू वर्गात लिहिले असतेस तर मी लाल रेघ मारली असती. आमच्या चर्चमध्ये 'माझ्या अपराधामुळे' असे म्हणताना आम्ही छातीवर हात मारतो. तो स्वतःच्या छातीवर मारतो, शेजारच्या माणसाच्या नाही.

तेव्हा शब्द बरोबर आहे. एक माणूस दारूपायी जिवाला मुकला. लिही आणि सही कर. कबूल केल्याने माणूस लहान होत नाही.

तुझे अक्षर फार बिघडले आहे. त्याचे मला आश्चर्य वाटले.

मार्गारेट बाई


मध्यवर्ती कारागृह
९ जुलै २०२४

आदरणीय बाई,

तुमचं पत्र सुतारशाळेत जेवणाच्या सुट्टीत चार वेळा वाचलं. बाजूला बसतात त्यांनाही वाचून दाखवलं. छातीवर हात मारण्याचं ऐकून सगळे हसले, मग पुन्हा वाच म्हणाले.

तुम्ही अर्थ इतका नीट सांगितलात की आता मला सही करता येणार नाही. सुकाणावर मी नव्हतो. दारूही प्यायलो नव्हतो. दुसऱ्याने केलेल्याचा पश्चात्ताप भाषेतच बसत नाही म्हणता, तर मी तो कसा लिहू? कल्याण अधिकाऱ्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, अरे, एक शब्द आहे तो. मी म्हटलं, साहेब, बाईंना विचारलंय मी.

हे मी कोर्टातही सांगितलं होतं, पण फार उशिरा. तोवर कोणी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतं. ते आता उगाळत नाही. तुम्ही अर्थ सांगितलात, तेवढं पुरे.

अक्षराचं म्हणाल तर हात गेले, बाई. त्याच दिवशी ट्रॉलरवर जाळ्याचा दोर तळव्यांतून सरकत गेला. दोन्ही हातांची कातडी निघाली. आता बोटं पुरती मिटत नाहीत, पेन मुठीत धरावं लागतं. रंधा मात्र चालवता येतो.

दत्तप्रसाद


मालवण
२० जुलै २०२४

दत्तप्रसाद,

दोन्ही तळवे? त्याच दिवशी? मग टक्कर होण्याआधी की नंतर?

मला दर्यातले काही कळत नाही. पण वाक्यातली विसंगती कळते. ज्याचे हात सुकाणावर आहेत त्याच्या दोन्ही तळव्यांतून मागच्या जाळ्याचा दोर कसा जाईल? हातांवर इलाज कुठे झाला, केव्हा झाला, कागद कुठे आहे, हे सगळे लिही. त्या दिवशी काय घडले तेही पहिल्यापासून लिही. काही गाळू नकोस, काही सजवू नकोस.

उत्तर पोस्टाच्या पुढच्या फेरीलाच पाठव.

मार्गारेट बाई


मध्यवर्ती कारागृह
३ ऑगस्ट २०२४

आदरणीय बाई,

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो.

ट्रॉलर निलेशशेठचा. त्या दिवशी शेठचा मुलगा कौस्तुभ हौसेने आमच्याबरोबर आला होता. एकोणीस वर्षांचा. खलाशी चौघे, त्यांतला एक प्लासिद. सकाळचे साडेआठ झाले असतील, पाण्यावर थोडं धुकं होतं. कौस्तुभने दोनदा सुकाण मागितलं. दोनदा नको म्हटलं. तिसऱ्यांदा दिलं. शेठच्या मुलाला किती वेळा नाही म्हणायचं, असं मनात आलं. पाच मिनिटं धर, समोर बघ, असं सांगितलं. तेवढ्यात मागे दोर ओढायच्या यंत्रावर, विंचवर, दोर अडकला. मी धावलो. दोर सोडवताना तो एकदम सुटला आणि हातांतून गेला. मी खाली बसलो, आणि पुढे आवाज झाला.

भाईंची होडी कुशीला फुटली होती. मी उडी मारली. त्या हातांनी त्यांना धरता येईना, म्हणून काखेत दोर घालून वर काढलं. बंदर यायच्या आधी ते गेले. सरकारी दवाखान्यात त्यांना आत नेलं आणि माझ्या हातांना पट्ट्या बांधल्या. तिथे वेळ लिहून घेतली होती, एवढं आठवतं.

शेठ तिथेच आले. म्हणाले, तांडेल तू आहेस, कागद तुझ्या नावावर आहे, सुकाणावर तू होतास म्हण, चार दिवसांत सोडवतो. पोराचं आयुष्य जाईल. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मला दुसरं काही सुचतच नव्हतं. वकील शेठनीच दिला. तो म्हणाला, तू गप्प बस. मी गप्प बसलो. मग एकेक खलाशी उभा राहून सांगू लागला की तांडेल प्यायला होता आणि सुकाणावर होता. प्लासिदनेही सांगितलं. तेव्हा मी तोंड उघडलं, पण तोवर तो माझा बचाव वाटला, खरं वाटलं नाही. हातांचं कोणी विचारलंच नाही.

आता अपिलासाठी सरकारकडून दीपिका मॅडम म्हणून वकील मिळाल्या आहेत. कोल्हापूरच्या आहेत. त्यांना अजून एकदाच भेटलो.

दत्तप्रसाद


मालवण
१५ ऑगस्ट २०२४

प्रिय दत्तप्रसाद,

आज झेंडावंदन करून आले आणि थेट लिहायला बसले.

शिक्षा व्हायच्या आधी तुझी बायको लक्ष्मी माझ्याकडे आली होती. तुझ्या वागणुकीबद्दल दोन ओळी कोर्टासाठी लिहून द्या, तुमच्या शब्दाला मान आहे, असे म्हणाली. मी तिला दारातच सांगितले की दारू पिऊन माणूस मारणाऱ्यासाठी मी लेखणी उचलणार नाही. पाणीसुद्धा विचारले नाही. वर्तमानपत्रातल्या चार ओळी मी वाचल्या होत्या, आणि ज्या मुलाला मी तीन वर्षे शिकवले त्याच्याविषयी त्या ओळींवर विश्वास ठेवला. तुला ती हे बोलली नसेल. ती तशी नाही.

त्यानंतर तू मला शब्दाचा अर्थ विचारलास, आणि मी तुला व्याख्या लिहून पाठवली, वर उपदेश केला. दत्तप्रसाद, मला पश्चात्ताप झाला आहे. यात कुठला शब्द गाळायचा नाही.

गेल्या आठवड्यात मी लक्ष्मीकडे गेले होते. तिलाही हेच सांगितले. तिने चहा ठेवला. मग दोघी मिळून सरकारी दवाखान्यात गेलो. तीन खिडक्या आणि चार दिवस लागले, पण त्या तारखेचा कागद निघाला. दोन्ही तळव्यांना दोराने झालेली खोल जखम, असे स्वच्छ लिहिले आहे. आणि तोंडाला दारूचा वास आल्याची कुठेही नोंद नाही. कागदाची खरी प्रत दीपिकाबाईंना रजिस्टरने पाठवली आहे.

प्लासिदला बाप्तिस्म्याच्या वेळी मीच हातात धरले होते. त्याच्याविषयी इथे जास्त लिहीत नाही.

तुझी,
मार्गारेट बाई


मध्यवर्ती कारागृह
१० ऑक्टोबर २०२४

आदरणीय बाई,

दोन महिने तुमचं पत्र नाही. मी दोन पाठवली, मिळाली नसतील. तब्येत बरी आहे ना?

लक्ष्मी आली होती तुमच्याकडे, ते मला माहीत होतं. तिने त्याच आठवड्यात सांगितलं होतं. तरी मी तुम्हालाच पत्र लिहिलं. बाईंचं चुकलं तर त्या स्वतः दुरुस्त करतात, हे वर्गात बघितलं होतं.

आई पडली, बाई. एका जागी कधी न बसणारी, ती आता खाटेवर आहे. लक्ष्मीने फोनवर सांगितलं की ती सारखी माझं नाव घेते, विचारते, दत्ता खंय आसा. त्या दिवशी मी कल्याण अधिकाऱ्यांकडे जाऊन नमुना परत मागून घेतला. म्हटलं, एक शब्द तर आहे. पेन मुठीत धरून सबंध दुपार बसलो. 'दारूच्या नशेत' एवढं लिहिलं आणि पुढे हात चालेना. आईने विचारलं असतं, तू पिलंस? तिला काय सांगणार?

मग तो कागद बाजूला ठेवला आणि दुसऱ्या कागदावर जे माझं आहे ते लिहिलं. अधिकारी म्हणाले, याने सूट मिळणार नाही. मी म्हटलं, ठीक आहे. तो कागद तुम्हाला पाठवतो, शुद्धलेखन तपासा:

"मी दत्तप्रसाद, तांडेल. ट्रॉलरवरच्या प्रत्येकाची आणि समोर येणाऱ्या प्रत्येक होडीची जबाबदारी माझी होती. शेठचा मुलगा आहे म्हणून मी सुकाण शिकाऊ हातात दिलं. देऊ नये हे मला कळत होतं. त्यानंतर शेठ बोलले तेव्हा मी गप्प बसलो, आणि माझ्या गप्प बसण्याने काशीबाईंना त्यांचा नवरा कसा गेला हे खरं कळलं नाही. या दोन गोष्टी मी केल्या. त्यांचा मला पश्चात्ताप होतो. सुकाणावर मी होतो असं ज्याने खोटं सांगितलं त्याच्यावर माझा राग नाही. त्याला घर आहे, म्हातारा बाप आहे, हे मला ठाऊक आहे."

दत्तप्रसाद


मालवण
२ नोव्हेंबर २०२४

प्रिय दत्तप्रसाद,

मी बरी आहे. गुडघा तेवढा त्रास देतो. लिहिले नाही कारण लिहिण्यासारखे जे होते ते उघड्या पत्रात लिहिता येत नव्हते.

तुझ्या आईकडे आम्ही आळीपाळीने बसतो. ती पेज घेते, उठून बसते. तिला मी सांगितले की तू सही केली नाहीस. ती म्हणाली, "माझो झील खोटा लिवचो नाय." आणि मग स्वतः मागून मासळीची आमटी खाल्ली.

तुझ्या कागदात शुद्धलेखनाची एकही चूक नाही. माझ्या सबंध नोकरीत मी इतका निर्दोष कागद तपासला नव्हता. तो मी एका माणसाला वाचून दाखवला. कोणाला ते विचारू नकोस.

नमुन्यावर सही करू नकोस. कितीही वाटले तरी नको. दीपिकाबाईही तेच सांगतात, त्या सहीने अपील बुडेल. थोडा धीर धर.

मार्गारेट बाई


मालवण
२५ एप्रिल २०२५

प्रिय दत्तप्रसाद,

काल तू कोर्टात होतास, मी पण होते, पण पोलिसांनी बोलू दिले नाही. तू मान खाली घालून उभा होतास, म्हणून तुला सगळे दिसलेही नसेल. आता ते उघड झाले आहे, तेव्हा पहिल्यापासून लिहिते.

प्लासिदने खटल्यानंतर दर्या सोडला होता. शेठनी त्याला फोंडाघाटला एका ओळखीच्या दुकानाची पिकअप चालवायला लावून दिले होते. तुझे ऑगस्टचे पत्र वाचून मी एसटीने तिकडे गेले. त्याने मला खुर्ची दिली, सरबत दिले, आणि म्हणाला की बाई, तो विषय नको. दुसऱ्यांदा गेले तर बायकोने सांगितले की घरी नाही. त्याची चप्पल दारात होती. मी परत आले.

तिसऱ्यांदा गेले ती तुझा कागद घेऊन. तो गाडी धूत होता. मी दुसरे काही न बोलता तिथेच उभी राहून तुझा कागद मोठ्याने वाचला. शेवटची दोन वाक्ये ऐकली तेव्हा त्याने पाण्याची नळी खाली टाकली. पाणी नुसते वाहत राहिले. म्हणाला, "तेणी माझ्या पापाशीचा नाव लिवला?" मी म्हटले, नाव नाही, पण म्हातारा बाप लिहिले आहे. तो गाडीच्या पायरीवर बसला.

मग त्याने मला विचारले की पाद्रीसाहेबांकडे तो दर महिन्याला कबुली देतो, ती पुरेशी नाही का. मी म्हटले, ती तुझ्या आणि देवाच्या मधली गोष्ट आहे, पण देव तुरुंगात नाही, दत्तप्रसाद आहे. त्याने नळी उचलून पुन्हा गाडी धुवायला घेतली. मी एसटीच्या वेळेला निघाले. मनात म्हटले, संपले.

नाताळाच्या चार दिवस आधी तो आपला बाप लिओन याला घेऊन माझ्या दारात उभा राहिला. लिओनची काठी हातात, अंगात लग्नाचा कोट. लिओनच म्हणाला की पोराला वकिलाकडे घेऊन चला. दुसऱ्याच दिवशी आम्ही कोल्हापूरला गेलो. दीपिकाबाईंनी त्याला स्पष्ट सांगितले की पूर्वीची साक्ष खोटी म्हटलीस तर तुझ्यावरही कारवाई होऊ शकते. तो हो म्हणाला. शेठना कळले त्या दिवशी त्याची नोकरी गेली. वरच्या कोर्टाने त्याची साक्ष पुन्हा घ्यायची परवानगी दिली, आणि काल तो उभा राहिला.

दुसऱ्या बाजूच्या वकिलाने त्याला दोन तास पिळला. तेव्हा खोटे बोललास की आता, असे विचारले. तो एरवी कोर्टात शुद्ध मराठी बोलायला बघतो, पण त्या वेळी ती विसरला. म्हणाला, "साहेब, तेव्हा खोटा बोललंय. सुकान कौस्तुभच्या हातात होता. दत्तप्रसाद मागे दोर सोडवत होतो. तेच्या हातातून रगत गळत होता, तरी तेणीच उडी मारल्यान. आमी बघीत रवलो."

न्यायाधीशांनी ते जसेच्या तसे लिहून घ्यायला सांगितले. आणि मग दीपिकाबाईंनी दवाखान्याचा कागद पुढे ठेवला. वेळ सकाळी नऊ वाजून पन्नास मिनिटे, म्हणजे टक्करीनंतर सुमारे तासाभराने. दुसऱ्या बाजूचा वकील कागद परत देऊन खाली बसला.

काशीबाई मागच्या बाकावर होत्या. तुला दिसल्या का? त्या शेवटपर्यंत बसल्या, मग एकट्याच निघून गेल्या.

मार्गारेट बाई


मध्यवर्ती कारागृह
६ मे २०२५

आदरणीय बाई,

काशीबाई दिसल्या. मान त्यांच्यामुळेच खाली होती.

प्लासिदला माझा निरोप द्या. म्हणावं, सुटलो तर पहिली होडी तुझ्याबरोबर. त्याने दर्या सोडला हे मला इथे पहिल्यांदा कळलं. त्याच्यासारखा जाळं ओढणारा आमच्या बंदरात दुसरा नाही.

निकाल कधीही लागो. आता रात्री झोप लागते.

दत्तप्रसाद


मालवण
२३ नोव्हेंबर २०२५

आदरणीय बाई,

तुमचं गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं असं तुमच्या बहिणीने, फ्लाव्हियाताईंनी, मडगावहून कळवलं. तुम्ही इथे नव्हतात म्हणून सगळं लिहून पाठवतो. फोनवर सांगू नकोस, लिहून पाठव, असं तुम्हीच म्हणालात.

निकाल तुम्हाला दीपिका मॅडमनी कळवलाच. कोल्हापुरात कोर्ट सुरू झाल्याने अपील लवकर निघालं. निर्दोष. दवाखान्याच्या कागदावर आणि प्लासिदच्या साक्षीवर न्यायाधीश बरंच बोलले, दारूचा एकही पुरावा नव्हता असंही म्हणाले. कौस्तुभवर आता नव्याने चौकशी होणार आहे. निकालानंतर तो स्वतः पोलिसांकडे गेला आणि सुकाण आपल्याकडे होतं असं सांगितलं, असं ऐकलं. खरं असेल तर बरं झालं. त्यानेही ते चार वर्षं मनात बाळगलंच असणार. प्लासिदला नोटीस यायची शक्यता आहे. तो म्हणतो, येऊ दे, उभो रवतलंय.

तुरुंगाच्या दरवाजाबाहेर लक्ष्मी होती, दीपिका मॅडम होत्या आणि लांब उभा प्लासिद होता, जवळ यावं की नाही अशा विचारात. मी त्याच्याकडे चालत गेलो. त्याने हात पुढे केला, आणि माझी बोटं मिटत नाहीत हे बघून त्याने माझा सबंध पंजा आपल्या दोन हातांत धरला.

मालवण स्टँडवर एवढी माणसं असतील असं वाटलं नव्हतं. आपली सगळी दहावीची बॅच, बंदरावरचे तांडेल, लिओनकाका त्या कोटात. माळ घातली, फटाके लावले. ज्यांनी चार वर्षं माझ्या घरच्या माणसांशी बोलणं टाकलं होतं तेही होते. मला कोणाचाच राग आला नाही. आई रिक्षात बसून आली होती. तिने माझं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं आणि म्हणाली, "बारीक झालंस."

पण घरी जाण्याआधी मी सगळ्यांना थांबवलं आणि एकटा काशीबाईंच्या घरी गेलो. त्या अंगणात मासे वाळत घालत होत्या. मी तो पश्चात्तापाचा कागद पुन्हा लिहून नेला होता, वाचायला म्हणून. पण वाचला नाही. तोंडानेच सांगितलं. म्हटलं, काशीबाय, सुकान माझ्या हातात नाय होता, पण कौस्तुभच्या हातात दिलंय ता मीच. आणि मागसून गप रवलंय, तोय मीच. ता माका खाता.

त्या बराच वेळ मासे उलटत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझो घोव परत येवचो नाय. पण तू येवन माझ्या दारात सांगलंस. त्या शेठान चार वर्सांत तोंड नाय दाखवल्यान." मग उठल्या आणि घराच्या मागे घेऊन गेल्या. तिथे माडांच्या झावळ्यांखाली भाईंची होडी होती. फुटलेली फळी बदलून, नवा रंग देऊन दोन वर्षांपूर्वीच उभी केलेली. गावात कोणी ती न्यायला तयार नव्हतं. मेलेल्याची होडी म्हणायचे. काशीबाई म्हणाल्या, "तू घेवन जा. दर्यात तरी तेची काय तरी फिरूंदे."

मी नको म्हणणार होतो. पण त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि गप्प राहिलो. या वेळचं गप्प राहणं बरोबर होतं, बाई.

गुरुवारी पहाटे होडी पाण्यात ढकलली. मी आणि प्लासिद. चार वर्षांनी पायाखाली पाणी आलं. पहिला अर्धा तास मला काही करता येईना, नुसता बसून होतो. प्लासिद वल्ही मारत होता. मग तो बाजूला झाला आणि सुकाण माझ्याकडे दिलं. बोटं मिटत नाहीत, तरी सुकाण धरायला मिटावी लागत नाहीत. तळवा टेकला की पुरतं.

सूर्य वर आला आणि माशांनी पाणी काळं झालं. बांगड्याची झुंड एवढी दाट की वल्ही त्यातून मारताना जड लागायला लागली. आम्ही जाळं टाकलं. ओढताना प्लासिद ओरडायला लागला, मग हसायला लागला. त्याचं हसणं ऐकून मलाही हसू आलं. जाळं अर्धंच घेतलं, जास्त घेतलं असतं तर होडी बुडाली असती.

परत येताना होडी पाण्यात इतकी खाली होती की किनाऱ्यावरून लोकांना लांबूनच कळलं. आम्ही काही सांगायची गरजच पडली नाही. माणसं पाण्यात धावत आली. बंदरावरचे पोरगे, बायका, दोन म्हातारे तांडेल धोतर खोचून. सगळ्यांच्या पुढे काशीबाई, लुगडं गुडघ्यावर खोचून, कंबरेएवढ्या पाण्यात. त्यांनी होडीच्या पुढच्या टोकाला, नाळीवर, हात ठेवला आणि एकदा आत बघितलं. चांदीसारखा नुसता बांगडा. त्यांच्या तोंडावर मी भाई गेल्यापासून पहिल्यांदा हसू बघितलं.

मला म्हणाल्या, "परत कधी जातलंस?"

मी उद्याचंच सांगितलं, "फाल्या पहाटेक."

तुमचा,
दत्तप्रसाद